संसदेत कार्बनवर चर्चा होते तेव्हा आपल्या खासदाराने नेमकं काय बोलावं?

शोभा_वर्धाकाठ | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा आज पहिल्यांदा काढते.

आमचं गाव विदर्भातलं. गच्चीवर उभं राहिलं की औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. कोणतं केंद्र ते लिहीत नाही, कारण मला इथे तक्रार नोंदवायची नाही, सल्ला हवा आहे. पण परिस्थिती कळावी म्हणून एवढंच सांगते. उन्हाळ्यात मी कुरडया घालते. पहाटे चीक शिजवून सहा-साडेसहाला साच्यातून पाडायला बसते. पांढऱ्या धोतरावर पांढऱ्याशुभ्र कुरडया. वरून मलमलीचं फडकं ताणून बांधते, चारी टोकांना विटा. संध्याकाळी फडकं झटकलं की राखेचा पट्टा उडतो. सासूबाईही असंच फडकं बांधायच्या. माझी सून पुण्याची, तिने पहिल्या वर्षी विचारलं, "आई, हे चिमण्यांसाठी का?" मी म्हटलं, हो, पण त्या उडत नाहीत.

तर मुद्दा असा. आमच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाला खासदार येणार आहेत. प्रश्नांना दहा मिनिटं दिली आहेत आणि पर्यावरणाचा एक प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे आलंय. शाळेत तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे नुसतं "राखेचं बघा साहेब" म्हणायला जीव धजत नाही. ते "बघतो" म्हणतील आणि गाडीत बसतील. मला असा प्रश्न हवा आहे की जो त्यांना दिल्लीत, सभागृहात न्यावा लागेल.

म्हणून महिनाभर लोकसभेच्या संकेतस्थळावर चर्चा वाचत बसले. २०२१ च्या हिवाळी अधिवेशनात नियम १९३ खाली हवामानबदलावर चर्चा झाली, कनिमोळींनी ती सुरू केली होती. आधीच, नोव्हेंबरात, ग्लासगोला पंतप्रधानांनी २०७० पर्यंत नेट झिरोचा, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा शोषून घेण्याचा, शब्द दिला होता. बोलणारे खूप, विषय हिमालयापासून समुद्रापर्यंत. पण नियम १९३ च्या चर्चेला शेवटी मतदान नसतं, ठराव नसतो. मग अशा चर्चेतून हाती काय लागतं? आणि आपल्या माणसाने तिथे उभं राहून काय मागावं?

---

अण्णा_६२ | रात्री ९:३१

प्रश्न विचारायच्या आधी त्यांची सभागृहातली हजेरी बघून ठेवा. ती माहिती उघड असते.

---

थर्मल_निवृत्त | रात्री १०:०५

शोभाताई, मी बॉयलरवर एकतीस वर्षं काढली. तुमच्या फडक्यावरची राख मी ओळखतो, माझ्या बायकोनेही तेच फडकं बांधलंय. तरी एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, नाहीतर खासदारांसोबतचा अधिकारी पहिल्या वाक्यात तुम्हाला गप्प करेल. राख वेगळी, कार्बन वेगळा. आपल्या कोळशात राखच ३० ते ४० टक्के. ती धरायला ईएसपी, म्हणजे धुरातली राख विजेने ओढून धरणारं यंत्र, असतो, आणि धरलेली सगळी राख वापरलीच पाहिजे अशी केंद्राची अधिसूचना ३१ डिसेंबर २०२१ ची आहे. न वापरल्यास टनाला १,००० रुपये पर्यावरण भरपाई. सल्फर हा तिसराच विषय. त्याची मानकं २०१५ ची, मुदत दर वेळी पुढे, आणि जुलै २०२५ मध्ये बहुतांश केंद्रांना सल्फरच्या यंत्रणेतून सूटच मिळाली. कार्बन डायऑक्साइडला ना रंग ना वास. तो फडक्यावर दिसत नाही.

दुसरं, थोडं कडू वाटेल. आपला माणशी कार्बन वर्षाला दोन टनांच्या आसपास. अमेरिकेचा चौदाच्या आसपास. आपल्या खासदाराने संसदेत उभं राहून आधी हे सांगायला हवं. रात्री दोनला दवाखान्यातलं यंत्र चालतं ते कोळशावर चालतं. ज्यांनी ते चालू ठेवलं त्यांना गुन्हेगार ठरवून चर्चा करू नये.

---

शोभा_वर्धाकाठ | रात्री १०:२२

काका, कुणालाच गुन्हेगार ठरवत नाही. माझा धाकटा भाऊ कंत्राटी कामगार म्हणून तिथेच आहे. राख आणि कार्बन वेगळे, हे वहीत लिहून घेतलं.

---

यारा_तीर | मंगळवार, पहाटे ४:४०

मेलबर्नहून लिहितोय, इथे सकाळ झाली आहे. शोभाताईंनी विचारलं, चर्चेतून हाती काय लागतं. आमच्याकडे कार्बनवरच्या चर्चेतून सरकारं पडली.

२००९ मध्ये कार्बनचा कायदा सिनेटमध्ये दोनदा पडला. दुसऱ्यांदा पडायच्या आदल्या दिवशी विरोधी पक्षनेते टर्नबुल त्याच विषयावरून पक्षांतर्गत मतदानात एका मताने हरले, ४२ विरुद्ध ४१, आणि ॲबट नेते झाले. ग्रीन पक्षानेही विरोधात मत दिलं होतं, कायदा फार मवाळ आहे म्हणून. पुढे गिलार्ड यांच्या अल्पमतातल्या सरकारने २०११ मध्ये कनिष्ठ सभागृहात ७४ विरुद्ध ७२ ने कायदा मंजूर करून घेतला. १ जुलै २०१२ पासून टनाला २३ डॉलर. दोन वर्षं चालला आणि १७ जुलै २०१४ ला रद्द झाला.

मी तेव्हा इथे नवा होतो, कारखान्यात रात्रपाळी करायचो. जेवणाच्या सुट्टीत सगळे म्हणायचे की या करामुळे आपण मेलो. त्याच कायद्यासोबत प्राप्तिकराची करमुक्त मर्यादा ६,००० डॉलरवरून १८,२०० वर नेली होती, म्हणजे माझ्यासारख्याच्या हातात पगार जास्त येत होता. हे आमच्या टेबलावर एकालाही माहीत नव्हतं, मलाही नाही. सभागृहात घोषणा इतक्या मोठ्याने झाल्या की फायदा ऐकूच आला नाही. कर गेला, आणि वाढलेली करमुक्त मर्यादा तशीच राहिली.

फेब्रुवारी २०१७ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री मॉरिसन कोळशाचं ढेकूळ घेऊन सभागृहात आले आणि "घाबरू नका" म्हणत ते हातोहात फिरवलं. मी टीव्हीवर पाहिलं. मन खट्टू झालं.

तर ताई, माझं म्हणणं: खासदारांना कार्बनच्या पैशाबद्दल विचारा. पैसा कुणाकडून येतो आणि कुणाकडे जातो. लोकांना तेवढंच पक्कं समजतं आणि तेच त्यांना कुणी सांगत नाही.

---

मिठागर | सकाळी ७:५०

ऑस्ट्रेलिया श्रीमंत देश आहे हो. त्यांचं उदाहरण आपल्याला कशाला?

---

यारा_तीर | सकाळी ८:०२

श्रीमंत आहे म्हणूनच देतोय. एवढं असूनही त्यांना जमलं नाही, ते का, हे आपल्याला फुकटात शिकायला मिळतंय.

---

लीड्सकर | सकाळी ११:१५

मग आमचं जमलेलं उदाहरण घ्या. ब्रिटनचा हवामान कायदा २८ ऑक्टोबर २००८ ला कॉमन्समध्ये ४६३ विरुद्ध ३ अशा मतांनी मंजूर झाला. त्या रात्री लंडनमध्ये ऑक्टोबरातच बर्फ पडत होता, ती आठवण इथले लोक अजून काढतात. मूळ मसुद्यात २०५० पर्यंत ६० टक्के कपात होती, चर्चेच्या काळात ती ८० वर गेली. २०१९ मध्ये नेट झिरो आलं, तेही मतदानाची गरज न पडता.

आकड्यापेक्षा त्या कायद्याची बांधणी महत्त्वाची. पाच-पाच वर्षांचं कार्बन बजेट, म्हणजे किती कार्बन सोडायचा ती मर्यादा, संसदेपुढे ठेवावं लागतं. स्वतंत्र समिती दरवर्षी अहवाल देते आणि सरकारला संसदेत उत्तर द्यावंच लागतं. म्हणजे चर्चा एकदा होऊन विरत नाही, ती वर्षाला परत येते, घरपट्टीसारखी. जगातलं पहिलं कोळशावरचं सार्वजनिक वीज केंद्र १८८२ मध्ये लंडनमध्ये सुरू झालं होतं. इथलं शेवटचं ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झालं.

भारतात असा एकच एक कायदा नाही. मला वाटतं हाच प्रश्न विचारावा.

---

वकीलतात्या | दुपारी १:४०

लीड्सकरांशी सहमत, आणि भर घालतो. माळढोकाच्या खटल्यात, रणजितसिंह विरुद्ध भारत सरकार, सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं की हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ (समानता) आणि २१ (जीवित) मधून येणारा हक्क आहे. त्याच निकालात हेही नोंदवलं की देशात या विषयाचा सर्वसमावेशक कायदा नाही. आपल्याकडे जे आहे ते तुकड्यातुकड्यांत: वन १९८०, हवा १९८१, पर्यावरण संरक्षण १९८६, ऊर्जा संवर्धन २००१.

पण चर्चा कशी होते हे पाहायचं असेल तर शोभाताईंनी २०२३ ची वन संवर्धन दुरुस्ती वाचावी. तिच्या प्रस्तावनेतच नेट झिरो २०७० आणि अडीच ते तीन अब्ज टन कार्बन शोषण्याचं उद्दिष्ट लिहिलंय. म्हणजे कार्बनच्या नावाने आणलेला कायदा. आतल्या तरतुदी मात्र सीमेपासून १०० किलोमीटरच्या आतल्या राष्ट्रीय महत्त्वाच्या रस्ते-रेल्वे प्रकल्पांना सूट देणाऱ्या, आणि नोंदीत नसलेल्या जंगलांचं संरक्षण सैल करणाऱ्या. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन निकालाने "वन" शब्दाचा शब्दकोशातला अर्थ लागू केला होता, नोंद असो वा नसो. तो अर्थ या दुरुस्तीने आवळला.

विधेयक पर्यावरणाच्या स्थायी समितीकडे गेलं नाही, संयुक्त समितीकडे गेलं. स्थायी समितीचे अध्यक्ष जयराम रमेश यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. संयुक्त समितीने एकही बदल न सुचवता ते परत दिलं. २६ जुलैला लोकसभेत मणिपूरवरच्या घोषणा चालू असताना थोडक्या चर्चेत मंजूर, २ ऑगस्टला राज्यसभेत. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाला अंतरिम आदेश द्यावा लागला की सध्या कोशातलाच अर्थ चालू ठेवा. जे बोलणं सभागृहात व्हायला हवं होतं ते कोर्टात झालं. वकील म्हणून माझ्या धंद्याला ते बरं असेल, नागरिक म्हणून मला ते लागतं.

---

झुडपी | दुपारी २:१५

तात्या, बराबर बोलले. आमच्या इकडं सरकारी कागदावर "झुडपी जंगल" लिहून ठेवलं हाये, म्हून शहरातल्या मानसाले वाटते तिथं काईच नाई. गायी चराले तिथंच जाते, मोहाची फुलं तिथंच, सरपन तिथंच. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत हे जमीन हाये. मे २०२५ मधी सर्वोच्च न्यायालयानं सांगतलं का झुडपी म्हन्जे जंगलच. माह्या बापानं हे पन्नास वर्सं आधीच सांगतलं होतं.

---

मिठागर | दुपारी २:३०

पण मग त्या जमिनीवर वर्षानुवर्षं राहणाऱ्यांचं काय? सगळं जंगल म्हटलं की घरं, शाळा, दवाखाने अडकतात. हाही माणसांचाच प्रश्न आहे.

---

झुडपी | दुपारी २:४४

१९९६ च्या आधी ज्याइले रीतसर भेटली त्याइच्यासाठी त्या निकालात वाट ठेवली हाये. आमी कोनाले उठवा म्हनत नाई. जे उभं हाये ते तोडू नोका, येवढंच.

---

गौरी_डोंबिवली | दुपारी ३:०५

विषयांतर करते, माफ करा. शोभाताई, कुरडयांना फडक्याऐवजी मच्छरदाणीचा जुना कपडा लाकडी चौकटीवर ताणून ठेवून पाहिलंत का? हवा खेळती राहते, कुरडई आंबूस होत नाही. आमच्याकडे खाली रेल्वे रूळ, काळी धूळ येते, तेव्हा आई असंच करायची.

---

शोभा_वर्धाकाठ | दुपारी ३:२०

गौरी, केलं होतं. मच्छरदाणीची भोकं आमच्या राखेला मोठी पडतात. मलमलच लागते, तीही दुपदरी.

---

थर्मल_निवृत्त | दुपारी ३:२६

हे वाचून बरं वाटलं नाही. खरंच.

---

भोसरी_लेथ | सायंकाळी ६:१०

माझा नटबोल्टचा छोटा कारखाना. चाळीस माणसं. माल जर्मनीला जातो. ऑक्टोबर २०२३ नंतर तिथल्या खरेदीदाराने एक तक्ता पाठवला: टनामागे किती वीज, किती गॅस, सळई कुठल्या भट्टीतली, तिचा कार्बन किती. युरोपने सीमेवर कार्बनचा हिशेब लावलाय, सुरुवातीला नुसता कागद होता, १ जानेवारी २०२६ पासून पैशाचा मामला. पोलाद, ॲल्युमिनिअम, सिमेंट, खत, हायड्रोजन आणि वीज. बोल्टसुद्धा त्यात धरलेत.

सळईवाल्याला फोन केला, "तुझ्या सळईचा कार्बन किती?" तो म्हणाला, "साहेब, सळईत कार्बन ०.२ टक्के." तो धातूतला कार्बन सांगत होता! त्याचा काय दोष, त्याला आजवर दुसरं कुणी विचारलंच नव्हतं. तीन रविवार बसून मी आणि माझ्या मुलीने तो तक्ता भरला.

त्या नियमात एक गोष्ट आहे. मालाच्या देशातच कार्बनची किंमत भरलेली असेल तर ती तिकडच्या रकमेतून वजा होते. म्हणजे जो पैसा आपल्या तिजोरीत पडू शकला असता तो तिकडच्या तिजोरीत जाणार. खासदारांनी यावर बोलावं. थर्मलकाका म्हणतात ते माणशी दोन टन खरंच, ते ठणकावून सांगावंच. पण बोल्ट जर्मनीच्या बंदरात पोचला की तो हिशेब कुणी ऐकत नाही.

---

अण्णा_६२ | सायंकाळी ६:३५

आपल्याकडे कार्बन बाजार, म्हणजे कमी उत्सर्जनाचं क्रेडिट विकायचा बाजार, येतोय ना? त्याचा कायदा झालाय.

---

वकीलतात्या | रात्री ८:१२

झालाय. ऊर्जा संवर्धन दुरुस्ती, लोकसभेत ८ ऑगस्ट २०२२, राज्यसभेत १२ डिसेंबर २०२२. त्या चर्चेत एक चांगला प्रश्न आला होता: कार्बनचा बाजार ऊर्जा मंत्रालय का चालवणार, पर्यावरण मंत्रालय का नाही? जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट योजना अधिसूचित झाली. आता नऊ उद्योगांना टप्प्याटप्प्याने उत्सर्जनाची लक्ष्यं: सिमेंट, ॲल्युमिनिअम, पोलाद, कागद, खत, कापड वगैरे. शोभाताई, या नऊंत औष्णिक वीज नाही. तुमच्या गच्चीवरून दिसणाऱ्या चिमण्या यादीबाहेर आहेत.

---

कोळशेवाडी | रात्री ९:४०

एवढं सगळं वाचलं, पण मूळ गोष्ट कुणीच काढली नाही. कार्बनला किंमत आपल्याकडे आधीच होती! मी लेखापरीक्षणात नोकरी केली, म्हणून हे डोक्यात बसलंय.

२०१० च्या अर्थसंकल्पात प्रणव मुखर्जींनी कोळशावर स्वच्छ ऊर्जा उपकर, म्हणजे ठरावीक कामासाठीचा जादा कर, आणला. टनाला ५० रुपये. वित्त विधेयकातून आला, म्हणजे संसदेच्या मंजुरीने. २०१४ मध्ये १०० झाला, २०१५ मध्ये २००, २०१६ मध्ये ४००. नाव कार्बन कर नव्हतं, पण काम तेच. पैसा राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीत जायचा होता. सात वर्षांत सुमारे ८६ हजार कोटी जमले. निधीत वळते झाले तीसेक हजार कोटी. त्यातूनही प्रत्यक्ष खर्च सोळा हजार कोटींच्या आसपास.

२०१७ मध्ये जीएसटी आला. ४०० रुपये तसेच राहिले, फक्त नाव झालं भरपाई उपकर, आणि पैसा राज्यांच्या महसुलाची तूट भरायला. स्वच्छ ऊर्जेशी संबंध संपला. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो उपकरच गेला. कोळशावर जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के केला. निर्णय जीएसटी परिषदेचा, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातला. तेव्हा संसदेचं अधिवेशन संपलेलं होतं.

कर संसदेत जन्मला. गेला तेव्हा सभागृहाचे दिवेही चालू नव्हते.

---

मिठागर | रात्री ९:५५

१८ टक्के म्हणजे कर वाढलाच की. तक्रार कसली?

---

थर्मल_निवृत्त | रात्री १०:३०

वाढला का ते कोळशाच्या भावावर आहे. थांबा, वही काढतो.

टनाला १,००० रुपयांचा कोळसा घ्या. आधी ५ टक्के म्हणजे ५० आणि उपकर ४००, एकूण ४५०. आता १८ टक्के म्हणजे १८०. टनामागे २७० रुपये कमी. एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरला तर युनिटमागे १८-१९ पैसे.

आता टनाला ३,००० चा कोळसा. आधी १५० अधिक ४०० म्हणजे ५५०. आता ५४०. जवळपास तेवढाच. त्यावरचा महाग कोळसा असेल तर कर वाढला.

म्हणजे सगळ्यात जास्त सवलत कुणाला? स्वस्त कोळशाला. आणि स्वस्त कोळसा कुठला? हलक्या प्रतीचा, कमी उष्मांकाचा म्हणजे जाळल्यावर कमी उष्णता देणारा, जास्त राखेचा. तेवढ्याच युनिटला तो जास्त लागतो, राखही जास्त पाडतो.

शोभाताई, काल मी लिहिलं की राख वेगळी आणि कार्बन वेगळा. रसायनशास्त्रात ते बरोबर आहे. कराच्या हिशेबात दोन्ही रेल्वेच्या एकाच वाघिणीतून येतात. माझं म्हणणं अर्धवट होतं.

वीज स्वस्त व्हावी हे मलाही हवं आहे, शेतकऱ्याला आणि तुमच्या वाचनालयाला. पण ज्या उपकराने हलका कोळसा जाळणं थोडं महाग ठेवलं होतं तो काढताना एकदा तरी बोलायला हवं होतं.

---

यारा_तीर | बुधवार, पहाटे ५:०५

काका, हे वाचून मी बायकोला उठवून दाखवलं. आमच्याकडे करावर पाच वर्षं आरडाओरडा झाला आणि तो गेला. तुमच्याकडे कुणी ब्र न काढता गेला.

---

अण्णा_६२ | सकाळी ८:२०

पण कोळशाच्या पैशातून जिल्ह्याला निधी येतो ना? आमच्या तालुक्यात त्यातून रस्ते झाले.

---

कोळशेवाडी | सकाळी ९:००

तो वेगळा. जिल्हा खनिज प्रतिष्ठान, २०१५ च्या खाण कायद्यातल्या दुरुस्तीने आलं. खाणवाला स्वामित्वधनाखेरीज (रॉयल्टीखेरीज) तिच्या टक्केवारीने वेगळी रक्कम भरतो, ती खाणबाधित भागाला. जिथे खाण नाही पण कोळसा जळतो आणि राख पडते, त्या गावाला त्यातून मिळेलच असं नाही. उपकराचा पैसा दिल्लीत जायचा. या दोन्हींची गल्लत खासदारांच्या उत्तरातही होईल, तेव्हा प्रश्नातच स्पष्ट लिहा.

---

वर्षा_बीड | सकाळी १०:१०

प्रश्न कसा मांडावा याबद्दल माझा अनुभव सांगते. आमच्या महिला मंडळाने चार वर्षांपूर्वी पाण्याच्या एका योजनेबद्दल आमच्या तेव्हाच्या खासदारांना पत्र दिलं होतं. भाषण मागितलं नाही, अतारांकित प्रश्न मागितला. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. तारांकितला तोंडी उत्तर, पण वेळ थोडा, बरेच राहून जातात. अतारांकितचं उत्तर लेखी येतं आणि सभागृहाच्या पटलावर ठेवलं जातं. मंत्रालयाने खाली नाव घालून दिलेला आकडा असतो तो. आम्हाला उत्तर मिळालं तेव्हा तो एक कागद घेऊन जिल्हा परिषदेत गेलो, पहिल्यांदा आम्हाला खुर्ची दिली.

खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने आणलेलं, मागू नका. त्याला शुक्रवारची दुपार असते, आणि १९७० नंतर एकही कायदा झालेलं नाही. प्रश्न दीडशे शब्दांच्या आत, (क) (ख) (ग) करून, आकडा मागणारा. आणि छापून न्या. माणूस कागद हातात घेतो तेव्हा जबाबदारीही घेतो.

---

लीड्सकर | दुपारी १२:३०

वर्षाताई, हे सोन्यासारखं आहे. माझा "सर्वसमावेशक कायदा का नाही" हा प्रश्न मागे घेतो. त्यावर अर्ध्या तासाचं भाषण होईल आणि ताईंची दहा मिनिटं संपतील.

---

भोसरी_लेथ | दुपारी १:१५

माझा बोल्ट एका ओळीत बसत असेल तर बसवा, नाहीतर राहू द्या.

---

शोभा_वर्धाकाठ | रात्री ९:४५

मंडळी, दुपारभर बसून लिहिलं. पाचवेळा खोडलं. आता असं आहे:

"(क) २०१० ते २०१७ या काळात कोळशावर गोळा झालेल्या स्वच्छ ऊर्जा उपकरापैकी औष्णिक वीज केंद्रं असलेल्या जिल्ह्यांत, जिल्हानिहाय, किती रक्कम खर्च झाली, (ख) सप्टेंबर २०२५ मध्ये कोळशावरचा भरपाई उपकर रद्द करताना हलक्या प्रतीच्या, जास्त राखेच्या कोळशाच्या वापरावर होणाऱ्या परिणामाचा अभ्यास केला होता काय, असल्यास त्याचा तपशील, (ग) कार्बन क्रेडिट योजनेत औष्णिक वीज केंद्रांना उत्सर्जनाचं लक्ष्य न देण्याची कारणं काय, (घ) निर्यात होणाऱ्या पोलादी मालावर परदेशात भरावी लागणारी कार्बनची रक्कम देशातच आकारून बाधित जिल्ह्यांत खर्च करण्याचा विचार आहे काय?"

झुडपी, तुमचं जंगल यात बसलं नाही, त्याची रुखरुख आहे.

---

झुडपी | रात्री ९:५८

ताई, रुखरुख कायची. तुमचा कागद झाला का त्याच नमुन्यावर आमी आमचा लिवतो. आमचे खासदार वेगळे हायेत.

---

कोळशेवाडी | रात्री १०:०६

हा प्रश्न कोणत्या मंत्रालयाला जाणार? (क) आणि (ख) अर्थ, (ग) ऊर्जा, (घ) वाणिज्य किंवा पर्यावरण. एकत्र दिला तर सचिवालय तोडेल. तीन वेगळे कागद करा. २०२२ च्या चर्चेतला तो प्रश्न, कार्बन कोणत्या मंत्रालयाचा, इथे आपल्यालाच अडवतोय बघा.

---

थर्मल_निवृत्त | रात्री १०:२०

(ख) मध्ये "उष्मांकनिहाय" शब्द घाला. नाहीतर सरासरी देतील आणि सरासरीत सगळं झाकलं जातं.

---

शोभा_वर्धाकाठ | रविवार, सायंकाळी ७:३०

आज कार्यक्रम झाला. तीन कागद छापून नेले होते. माझी पाळी आली तेव्हा दहा मिनिटांतली दोनच उरली होती, म्हणून वाचायला फक्त (ख) घेतला, काकांच्या उष्मांकासकट. खासदारांनी "राखेचं मी स्वतः बघतो" असं सुरू केलं. मी म्हटलं, "साहेब, राखेचं नाही, उपकराचं विचारते आहे. तो काढला तेव्हा सभागृहात कुणी बोललं नाही, आता तुम्ही लेखी विचारावं." सभागृह गप्प झालं, म्हणजे आमचं वाचनालयाचं. मग त्यांनी हात पुढे करून कागद मागितला. तिन्ही दिले. त्यांच्या सोबतच्या मुलाने मोबाइलमध्ये फोटो काढले आणि माझा नंबर घेतला. पुढच्या अधिवेशनात अतारांकित म्हणून देतो म्हणाले.

भाऊ मागच्या रांगेत बसला होता. बाहेर पडताना म्हणाला, "ताई, उष्मांक कुणी शिकवलं तुला?"

---

थर्मल_निवृत्त | सायंकाळी ७:४१

त्याला म्हणावं, रात्रपाळीतल्या एका म्हाताऱ्याने.

---

वर्षा_बीड | रात्री ८:१५

ताई, अधिवेशन सुरू होण्याआधी त्या मुलाला एक फोन करा, पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते. प्रश्न दाखल झाला की क्रमांक मिळतो, तो इथे टाका. आणि आमच्यासाठी कुरडया ठेवा.